मानाचं लुगडं आणि माझं खोकं

माझ्या एका पुठ्ठ्याच्या खोक्यामुळं वेळापूरकडची एक मुलगी माहेरी अडकून पडली. लग्न झालं, चार दिवस सासरी राहिली, मांडवपरतणीला म्हणून आईकडं आली, आणि मग तिला न्यायला कुणी येईचना. हे आधीच सांगून टाकतो. कारण एकदा सांगायला लागलो की मला भान राहत नाही. मी खोक्याचंच कौतुक करत बसेन आणि ती पोर तशीच राहून जाईल.

तर खोकं.

मी तेव्हा सोलापुरात लुगड्यांच्या एका पेढीवर टायपिस्ट होतो. मॅट्रिक झालो, टायपिंगच्या क्लासला गेलो, आणि बोटं अशी सुटली की क्लासचे मास्तर ओरडायचे, "अरे हळू, मशीन भाड्याचं आहे!" आमच्या मालकांनी रेल्वेला आणि मुंबईच्या सूतवाल्यांना इंग्रजीत पत्रं घालायला म्हणून एक जुनं मशीन घेतलं आणि त्यावर मला बसवलं. पण पत्रं असून असणार किती? जेवणाच्या आत माझं काम खलास. मग मी पेढीभर फिरायचो. ह्याला विचार, त्याला विचार, हे असंच का, ते तसं का नाही. मालक मला नावानं हाक मारायचेच नाहीत. टकटक म्हणायचे. "ए टकटक, बस की रे एका जागी! पायाला भिंगरी लावलीय का तुझ्या आईनं?"

बसलो नाही, तिथंच सगळा घोटाळा झाला.

आमची लुगडी गावोगाव व्ही. पी.नं जायची. गिऱ्हाइकानं कार्ड टाकायचं, आम्ही माल पाठवायचा, त्यानं पोस्टात पैसे भरून पार्सल सोडवायचं. विणकराच्या घरून लुगडं यायचं ते लांबट घडीत, मागावरच्याच उरलेल्या सुतानं बांधलेलं, वर गाठ मारलेली. ती घडी तशीच उचलायची, खाली-वर एकेक लाकडी पट्टी, मग कागद, मग तरट, ते दाभणानं शिवायचं आणि शिवणीवर लाखेचे ठिपके पाडायचे. दिसायला अगदी बांधलेली तिरडी. मालकांसमोर असं म्हटलं असतं तर त्यांनी मला तिथंच बडवला असता. पण होतं तसंच! लाकडाचं आणि तरटाचं वजन लुगड्याच्या वजनाला येऊन मिळायचं आणि टपालहशील चढायचं. पावसाळ्यात तरट पाणी पिऊन बसायचं. शिवताना कधी दाभण आतल्या काठातनं आरपार. आणि ह्या सगळ्यातनं सुखरूप गेलंच, तर गिऱ्हाईक ते शिवण विळ्यानं उसवायचं आणि विळा जायचा पदरात. एका बाईंनी तर कापला गेलेला काठच पाकिटात घालून पाठवला होता. सोबत अक्षर नाही, काही नाही. नुसता काठ.

तो काठ बघून माझं डोकं पेटलं. आमच्या गल्लीत एक बाईंडर होता, शाळेच्या वह्या बांधायचा. त्याच्याकडं जाऊन बसलो. जाड पुठ्ठा, कोपऱ्यांना कापडी पट्टी, झाकण असं की अलगद बसावं आणि दोन बोटांनी निघावं. वरून मेणकापड, त्यावर एक दोरी, बस. दाभण नाही, लाख नाही, विळ्याचं काम नाही. जांभळा कागद चिकटवला तेव्हा तर मला वाटलं, ह्यात लुगडं न घालतासुद्धा लोक घेतील!

एकच अडचण. लांबट घडी त्यात मावेना. खोकं लांब केलं की पोस्टाच्या पिशवीत मधोमध वाकायचं. मग मी काय केलं, ती सुताची गाठ सोडली, घडी आडवी घातली, पुन्हा एकदा घातली, आणि लुगडं असं चौकोनी, घट्ट, सुबक होऊन खोक्यात बसलं, जसं काही तिथंच विणलं होतं. सूत टाकून दिलं. गाठीचा खोक्यात फुगवटा यायचा.

मालकांना दाखवायला मी खोकं घेऊन माडीवर गेलो आणि वरनं खाली चौकात सोडलं. धप्प! कोपराही चेपला नाही.

मालक तक्क्यावरनं उठून बसले. "माझं लुगडं होतं काय रे त्यात?"

"नाही मालक, आधी रिकामंच टाकलं."

"मग आता तू बस त्यात आणि मार उडी."

पण मग तराजूवर घालून बघितलं. दोनदा बघितलं. मग म्हणाले, "टकटक, तुझ्या आईनं तुला उगीच नाही जन्म दिला." एवढं त्यांच्या तोंडून म्हणजे पुष्कळच. त्या हिवाळ्यापासून सगळी पार्सलं खोक्यातनं जायला लागली, आणि कार्डं यायला लागली. कुणी खोक्यात सुया-दोरे ठेवले, कुणी पोथी. एकानं लिहिलं, लुगडं बायकोला आवडलं नाही पण खोकं दोघांनाही आवडलं. मी ही कार्डं मोठ्यानं वाचून दाखवायचो, ज्याला ऐकायची नसतील त्यालाही.

ज्येष्ठ लागता लागता तो माणूस आला.

खांद्यावर घोंगडी, हातात काठी, धुळीनं पाय गुडघ्यापर्यंत पांढरे. आमच्या गादीवर बसायला तयार होईना, पायरीवरच टेकला. पंच्यात बांधून आणलेलं लुगडं सोडून मांडीवर घेतलं आणि मालकांकडं बघून म्हणाला, "मालक, देवाला स्मरून सांगा. ह्ये लुगडं नवं हाय का वापरल्यालं?"

मालक ताडकन उभे. "वापरलेलं? माझ्या पेढीवर?"

"मी न्हाय म्हनत. इहीनबाई म्हनत्यात."

मग त्यानं सांगितलं. फाल्गुनात त्याच्या लेकीचं लग्न झालं. तो माळावर मेंढरं राखणारा, आणि सोयरे पाटाच्या पाण्यावर ऊस लावणारे. स्थळ झेपणारं नव्हतंच, पण मुलगी त्यांच्या नजरेत भरली. म्हणून विहिणीच्या मानाला तरी भारी लुगडं द्यावं म्हणून त्यानं आमच्याकडनं मागवलं, पोस्टात जाऊन सोडवलं, आणि झाकणसुद्धा न उघडता तसंच लग्नापर्यंत ठेवून दिलं. भर मांडवात विहिणीच्या ओटीत घातलं. तिनं चारचौघींत उलगडलं.

"आन म्हनाल्या, गाठ कुटं हाय? घडीत घडी कशी? कुनीतरी नेसून परत घडी घालून ठिवलंय. कुनाच्या अंगावरनं उतरल्यालं माज्या वटीत घातलंस रं? आन लुगडं तितंच टाकून उटल्या. जेवल्या न्हाईत. त्या उटल्या म्हून त्यांच्या बाया उटल्या. पंगत तशीच ऱ्हायली."

कोऱ्या लुगड्याची घडी मोडायचा मान कुणाचा, ह्यावरनं आमच्या घरातसुद्धा सणासुदीला रुसवेफुगवे होतात. माझी आई नवं लुगडं आधी कुणाला तरी नेसायला देते, मगच स्वतः नेसते, आणि कुणाला दिलं हे वर्षभर लक्षात ठेवते. हे सगळं मला ठाऊक होतं! लहानपणापासून ठाऊक होतं. आणि तरी पेढीवर बसून रोज वीस-वीस घड्या मोडताना माझ्या मनात एकदाही आलं नाही. मालकांच्याही आलं नाही. पेढीवर दिवसभर लुगडी उलगडतात, पसरतात, परत गुंडाळतात. आम्हाला घडी म्हणजे नुसती कापडाची घडी. कार्डं टाकणाऱ्या गिऱ्हाइकांतही कुणी बोललं नव्हतं. पुढं मला वाटलं, बोलले नसतील, मनात ठेवलं असेल.

मालक माझ्याकडं बघत होते. मी मशीनवरनं उठलो आणि ओरडलोच, "ती घडी मी घातली! मी! लुगडं कोरंच होतं!"

तो माणूस माझ्याकडं वळला. "म्हंजी माजी चुकी न्हाय?"

"नाही हो! माझी आहे!"

"बायकू म्हनती, तुमीच कुटनं तरी स्वस्तातलं उचलून आनलं. इतकी वर्सं झाली संसाराला, पन तीबी म्हनती." त्यानं डोळे पुसले नाहीत, नुसती घोंगडी खांद्यावर सारखी केली. "पोरगी सकाळधरनं दारातल्या दगडावर बसती, वाटंकडं बगत. सासरचं कुनी येतंय का म्हून. मला त्ये बगवत न्हाय."

मालकांनी फळीवरनं नवं लुगडं काढलं, गाठीसकट. भारीतलं काढलं, हे मी बघितलं. "हे घेऊन जा पाहुणे. पैशाचं बोलू नका."

त्यानं हातही लावला नाही. "दुसरं नेऊन काय करू, मालक? पयलं वापरल्यालं हुतं म्हूनच दुसरं आनलं, असं म्हनतील."

मला सुचलं. मला नेहमीच सुचतं! "मी जातो," म्हटलं. "मी त्यांच्यासमोर घडी घालून दाखवतो. हेच लुगडं घेऊन जातो, गाठीसकट, आणि एक रिकामं खोकं."

मालक म्हणाले, "जा. आणि तू येईपर्यंत एकही खोकं पेढीबाहेर जायचं नाही."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं मोटारीत बसलो. वाटेत त्यानं मला शेंगा दिल्या, सोलून दिल्या, मी लहान पोर असल्यासारख्या. मी त्या नुसत्या मुठीत धरून बसलो. त्याच्या लेकीला माझ्यामुळं जे सोसावं लागलं त्याचं मी काहीबाही बोलत राहिलो, माफी मागत राहिलो, आणि तो दर वेळी म्हणायचा, "व्हतंय, व्हतंय. मानूस हाय." वेळापूरला उतरल्यावर त्यानं मला वस्तीची वाट दाखवली. "मी येत न्हाय. माजं त्वांड दिसलं की त्या दार लावत्यात." आणि तो माळाच्या दिशेनं चालायला लागला.

विहीणबाईंची वस्ती उसाच्या कडेला होती. पाटाचं पाणी घराच्या मागनंच वाहत होतं. त्या ओट्यावर बसून सुपात ज्वारी पाखडत होत्या. मधेच हाक मारायच्या, आवाज असा की पलीकडच्या उसातनं कुणीतरी ओ देत होतं. नवरामुलगा पाणी धरायला गेला होता, म्हणे. त्याला मी शेवटपर्यंत पाहिलंच नाही.

मी हात जोडले, पेढीचं सांगितलं, आणि त्यांनी तोंड उघडायच्या आत ओट्यावर लुगडं ठेवलं. "आधी गाठ बघा. विणकराची गाठ. कोरं आहे ना?"

"मग? गाठ कशी असती ते मला दावाय आलास व्हय?"

"थांबा तर!" मी गाठ सोडली, आडवी घडी घातली, पुन्हा घातली, खोक्यात दाबलं, झाकण लावलं, वर बसलो. खरंच बसलो, पोस्टाच्या पिशवीचं वजन म्हणून. मग उठून उघडलं आणि लुगडं झटकलं. उभ्या घड्यांवर आडव्या घड्या, लख्ख. शेजारी मेंढपाळानं माझ्याजवळ दिलेलं मानाचं लुगडं पसरलं. तेच चौकोन, तिथल्या तिथं.

त्यांनी सूप बाजूला ठेवलं. दोन्ही लुगडी उजेडात धरली, काठावरनं अंगठा फिरवला, पदर हुंगला. हुंगला, हो!

"समजलं," त्या म्हणाल्या.

मी उडालोच. "मग आता मुलीला..."

"समजलं मला. पन मांडवात समदा गाव हुता. घरोघर जाऊन घडी घालून दावनार हाईस व्हय?"

"दाखवतो की!"

त्या एकदम हसल्या. "येडं हाय," त्या स्वतःशीच म्हणाल्या. आणि धाकट्या मुलाला हाक मारून आजूबाजूच्या वस्त्यांवरच्या बायकांना बोलवायला पाठवलं.

दुपार कलता कलता अंगण भरलं. बायका, त्यांच्या कडेवरची पोरं, म्हाताऱ्या. मी मधोमध. पुन्हा गाठीपासनं सुरू. विहीणबाईंनी आपल्याच ट्रंकेतलं एक कोरं लुगडं काढून दिलं, म्हणजे पेढीचं नको, हातचलाखी नको. मी घडी घातली, खोक्यात घातलं, बसलो, उठलो.

"आगं, ह्येला निऱ्याबी येत्यात का इचारा!"

"ह्येच्या बायकूचं कल्यान हाय गं. धुणं वाळलं की घडी ह्येच घालनार."

"बायकू हाय का तुला, लेकरा?"

"नाही," म्हटलं.

"मग कुनाची लुगडी घडी करतूस?"

अंगण नुसतं फुटलं हसून. मीही हसलो. काय सांगू, मला मजाच यायला लागली होती! लुगडं उलगडलं, दोन बायकांनी टोकं धरून ताणलं, घड्या सगळ्यांना दिसल्या, आणि एक म्हातारी म्हणाली, "लुगड्याचं ऱ्हाऊ द्या. त्या खोक्याचं काय करनार हाईस?" मी तिला खोकं देऊन टाकलं. विहीणबाईंनी तिच्याकडं असं बघितलं, की त्यांनाही ते हवं होतं हे माझ्या ध्यानात आलं.

मग त्या उभ्या राहिल्या. मी समजलो, आता म्हणतील चुकलं माझं. छे! त्या म्हणाल्या, "ऐकलं समद्यांनी? लुगडं कोरं हुतं. आता हितनं फुडं कुनी त्वांड वर करून काय बोलायचं न्हाय." जसं काही आजवर दुसरंच कुणी बोलत होतं. आणि मानाचं लुगडं घेऊन आत गेल्या, ते नेसूनच बाहेर आल्या. बायकांनी कुंकू लावलं.

बायका उठून चालल्या होत्या. मी खाली वाकून लुगड्याची घडी घालत होतो, तेव्हा दोघी माझ्या मागनं गेल्या. एक म्हणाली, "आली म्हना पुन्यांदा बिचारी." दुसरी म्हणाली, "चार दिसात पोरीचं त्वांड कसं उतरलं हुतं, आटवतंय न्हवं?"

मी ऐकलं. नीट ऐकलं. आणि घडी घालत राहिलो. आत विहीणबाई धाकट्याला सांगत होत्या, "सकाळच्या पारी गाडी जुप. लई दिस आराम झाला तिला. दळान पडलंय, उसाच्या लागनीचं बेनं तोडायचं हाय, गोठा हाय. आन ह्या येड्याला संगट ने, त्येच्याच तोंडानं सांगू दे." माझ्या मनात आलं, सासूच ती, असंच बोलणार. माझी आजीही माझ्या आईबद्दल असंच बोलायची. असं म्हणून मी ते तिथंच दाबलं.

सकाळी धाकट्या दिरानं गाडी जुंपली. चांगला मुलगा होता, माझ्याच वयाचा, बैलांशी जास्त बोलायचा. ऊस संपला, मग बाभळी संपल्या, मग नुसता माळ. मेंढरं दिसली, त्यामागं दगडी भिंतीचं बुटकं घर. दारातल्या दगडावर ती बसली होती. टकळीवर लोकर कातत होती. गाडी दिसली तशी टकळी थांबली.

मी गाडी थांबायच्या आत उडी मारली. "ताई, झालं! मिटलं सगळं! न्यायला आलेत!"

बाप मेंढरांतनं पळत आला. आई आतनं आली, दिराला बघितलं आणि हातातलं पिठाचं भांडं तसंच घेऊन परत आत पळाली, परत बाहेर आली. बापानं काही विचारायच्या आधीच माझ्या पायावर वाकायला घेतलं. एवढा मोठा माणूस! मी मागं सरलो तर तो माझे हातच धरून उभा राहिला. "मालक, माज्या जल्माचं केलं तुमी," म्हणाला. मला मालक म्हणाला. मग दिराला पाणी द्यायला धावला.

ती तशीच बसली होती. पंधरा-सोळा वर्षांची असेल. लोकर गुंडाळत म्हणाली, "नेसल्या का त्या लुगडं?"

"नेसल्या! सगळ्या बायकांसमोर."

"मंग झालं." तिनं टकळी कमरेला खोचली, परत काढली, दगडावर ठेवली. "ती घडी तुमीच घातली हुती व्हय, दादा?"

"हो. माझंच चुकलं. तुम्हाला उगीच इतके दिवस..."

"मला वाटलं हुतं, पंचमी हितंच हुईल."

नागपंचमीला लेकी माहेरी येतातच, म्हणून मी म्हणालो, "मग तेव्हा याल की परत."

"न्हाय पाटवायच्या," ती म्हणाली. "आत्ताच लई दिस झालं म्हनतील." एवढं बोलून ती वाटेकडं बघायला लागली, जिथनं आम्ही आलो होतो. बाप म्हणायचा, पोर वाट बघत बसते. ती बघत होती, खरंच. पण कुणी येतंय का ह्या भीतीनं बघत होती. हे मला तिथं, त्या दगडापाशी उभं राहून, तिच्या मानेवरनं कळलं. आणि कालच्या अंगणातलं त्या दोघींचं बोलणं सगळं वर आलं.

"ताई," मी हळू आवाजात विचारलं, "तुम्हाला जायचं नाहीये का?"

तिनं माझ्याकडं बघितलं. राग नव्हता. लहान पोरानं काहीतरी खुळ्यासारखं विचारावं आणि मोठ्या माणसानं बघावं, तसं. मी तिच्यापेक्षा मोठा होतो.

"आता इचारताय व्हय?" ती म्हणाली.

आत आई हाका मारत होती. ती उठून गेली.

मी बापाकडं गेलो. तो दिराशी पाऊसपाण्याचं बोलत होता, कितीतरी दिवसांनी ताठ उभा राहिलेला दिसत होता. मी त्याला बाजूला घेऊन म्हटलं, "मी काय म्हणतो, पंचमीपर्यंत राहू द्या की तिला. आता मिटलंच आहे तर घाई कशाला?"

त्याचा चेहरा असा झाला, जशी काही मी त्याच्या पायाखालची जमीनच मागितली. त्यानं दिराकडं चोरून बघितलं. "आवो, काय बोलताय ह्ये? तुमीच तर जोडून दिलंत. पुन्यांदा मोडू व्हय?" आणि मग अगदी बारीक आवाजात, "तिनं काय म्हटलं का?"

मी म्हणालो, "नाही."

का म्हणालो? तिचं नाव पुढं करायची भीती वाटली. आणि खरं सांगायचं तर तो ताठ उभा राहिलेला माणूस परत वाकलेला मला बघवला नसता. शिवाय तिची आई पोळ्या लाटत होती, दीर जेवायला बसला होता, बैल सोडले होते. सगळं ठरल्यासारखं चाललं होतं आणि ठरवलं होतं मी. तिला एक शब्द न विचारता, खोक्यावर बसून, बायकांना हसवून. बापाला पेढीवर विचारलं मी, विहिणीला ओट्यावर विचारलं. एकटी तीच राहिली होती.

मला जेवताना आईनं आग्रह केला, गूळ-तूप वाढलं. मी खाल्लं. तेही सांगतो, खाल्लं.

निघताना आई रडली, बाप रडला, ती रडली नाही. एक गाठोडं होतं, ते तिनं स्वतःच गाडीत ठेवलं आणि मागच्या बाजूला, तोंड माघारी करून बसली. दिरानं मला पुढं, त्याच्या शेजारी बसवलं. घोंगडीची घडी करून खाली दिली, मान म्हणून. "तुमी हुता म्हून झालं बगा," तो म्हणाला. "आमची म्हातारी कुनाचं ऐकत न्हाय. तुमचं ऐकलं." मी मान हलवली. गाडी माळावरनं उतरायला लागली, आणि खोटं का बोलू, माझं डोकं पुन्हा धावायला लागलं. खोकं लांब करावं, पण मधे पुठ्ठ्याची आडवी पट्टी द्यावी, म्हणजे वाकणार नाही. घडी मोडायचीच नाही. गाठ तशीच ठेवायची. झाकणाला एक बारीक चौकोनी भोक ठेवून त्यावर पातळ कागद लावला तर गाठ वरनंच दिसेल. मी बोटांनी मांडीवर मापं घेत होतो. मग बोटं थांबवली.

मागनं काहीच आवाज नव्हता. बांगडीचा नाही, हुंदक्याचा नाही. एवढी शांत बसली होती की मला दोनदा वाटलं, उतरून गेली की काय. मागं वळून बघायचं धाडस झालं नाही.

ऊस लागला. मोटारीच्या सडकेचा फाटा आला तिथं दिरानं बैल थांबवले. मी उतरलो, त्याला राम राम केला, आणि गाडीला वळसा घालून मागं गेलो. तिनं पदर पुढं ओढला होता. मला खूप बोलायचं होतं. मला नेहमीच खूप बोलायचं असतं.

"येतो, ताई," एवढंच निघालं.

"या," ती म्हणाली, आणि मला मोटार गाठता यावी म्हणून दिराला गाडी जरा बाजूला घ्यायला सांगितलं.